कमी पैशात घरशाळा: पहिल्या कागदापासून दहावीच्या फॉर्मपर्यंत

होमस्कूलिंग, म्हणजे शाळेऐवजी घरीच शिकवणं, म्हटलं की लोकांना वाटतं मोठं घर, मुलांसाठी वेगळी खोली, लाकडी माँटेसरी साहित्य, टॅबलेट, आणि दिवसभर मोकळी असलेली फाडफाड इंग्रजी बोलणारी आई. माझ्याकडे चौकशीला येणारे पालक यातले नसतात. कुणी एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर असतं, कुणी घरी ब्लाउज शिवतं, कुणाचं पोरगं सारखं आजारी असतं, कुणाला शाळेत इतका त्रास झालाय की ते सकाळी उठलं की पोट दुखतंय म्हणतं. आणि पहिला प्रश्न सगळ्यांचा तोच असतो, खर्च किती येईल हो?

तर सरळ सांगते. साहित्याचा खर्च फार नाही. मराठीतून शिकवणार असाल तर पहिली ते आठवीचं जवळपास सगळं फुकट मिळतं, नाहीतर रद्दीच्या भावात. खरा खर्च होतो तो तुमच्या वेळेचा, म्हणजे घरातलं कुणीतरी कमी तास काम करणार, ओव्हरटाइम सोडणार, शिलाईची ऑर्डर नाकारणार, तो पैसा हिशोबात कुणी धरतच नाही आणि चार महिन्यांनी तोच टोचतो. म्हणून माझा क्रम ठरलेला आहे, आधी कागद, मग वेळ, मग फुकट साहित्य, आणि दुकानात जायचं ते सगळ्यात शेवटी. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात, पहिल्याच आठवड्यात चार्ट, वर्कबुकं आणि अॅपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन.

पायरी १: आपण काय सोडतोय ते कागदावर मांडा

मूल जर झेडपीच्या किंवा महापालिकेच्या शाळेत असेल तर तिथे त्याला पुस्तकं, गणवेश आणि दुपारचा भात-आमटी, खिचडी हे फुकट मिळतंय. ते बंद होणार. दोन मुलं असतील तर रोजचं एक वेळचं जेवण दोघांचं घरचं, हा महिन्याचा खर्च वहीत लिहा. शिष्यवृत्ती परीक्षेचे अर्ज शाळेमार्फतच भरले जातात, तेही जाणार.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत मोफत सीट मिळालेली असेल तर दहा वेळा विचार करा, कारण ते प्रवेश फक्त एंट्री लेव्हलला, म्हणजे शाळेच्या सुरुवातीच्या वर्गातच होतात, मधल्या इयत्तेत ती सीट परत मागता येत नाही. आणि शाळा बरी असेल, बाई मायेच्या असतील, फक्त गणित कच्चं राहतंय एवढीच तक्रार असेल तर शाळा चालू ठेवून संध्याकाळी तासभर घरी घ्या. खाली जे लिहिलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त तसंही वापरता येतं.

कायद्याबद्दल सगळे घाबरलेले असतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. त्यात होमस्कूलिंगचं नाव घेऊन परवानगी नाही आणि बंदीही नाही. मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे असं कलम १० म्हणतं, पण त्यासाठी पालकांना शिक्षा लिहिलेली नाही. आपल्या कामाचं खरं कलम आहे ४ नंबरचं. शाळेत कधी न गेलेल्या किंवा मध्येच सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश द्यायचा, असं ते सांगतं. म्हणजे नऊ वर्षांचं मूल घरी शिकून परत सरकारी शाळेत गेलं तर त्याला पहिलीत बसवायचं नाही. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही हेही त्याच कायद्यात आहे. आठवीपर्यंत परतीचा रस्ता उघडा आहे, हे सासरच्यांना आधी सांगा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

पायरी २: कागद

यात कंटाळा करू नका, प्लीज. शाळा सोडल्याचा दाखला काढताना शाळेच्या ऑफिसात उभं राहूनच वाचा. मुलाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, आणि जात-पोटजातीची नोंद. जन्मदाखला, आधार आणि शाळेचा दाखला या तिन्हीत स्पेलिंग एकच हवं. चूक असेल तर शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या, नंतर त्या एका अक्षरासाठी अॅफिडेव्हिट आणि हेलपाटे.

ज्यांना पुढे जात प्रमाणपत्र आणि पडताळणी लागणार आहे त्यांनी तर हे दोनदा वाचा, कारण आपल्याकडे जातीचा पुरावा म्हणून शाळेच्या नोंदीच आधी मागतात. मूल शाळेत कधीच गेलं नसेल तर वडिलांचा, आजोबांचा, आत्याचा शाळेचा दाखला शोधून ठेवा, गावच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीचा, उतारा मिळतो तो काढून आणा. शक्य असेल तर मुलाचं जात प्रमाणपत्र शाळा सोडायच्या आधीच काढून टाका. डोमिसाइलचंही तेच.

मुलाचा स्टुडंट आयडी नंबर, मार्कशीटा किंवा प्रगतिपुस्तकं, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो. एक प्लास्टिकची फाइल, तीस-चाळीस रुपयांची, पहिली खरेदी हीच.

पायरी ३: वेळ कुठून काढायचा

शाळा सहा तास असते म्हणून घरीही सहा तास बसवायचं असं काही नाही. शाळेत चाळीस मुलं, हजेरी, रांगा, वह्या तपासणं, यात वेळ जातो. घरी एकास एक बसलात तर सहा-सात वर्षांच्या मुलाला बसून करायचं काम दीड तास पुरतं, तेही तुकड्यातुकड्यात. नऊ-दहाला दोन-अडीच तास. सातवी-आठवीच्या वयाला तीन तास, त्यातला निम्मा वेळ त्याने एकट्याने करायचा. बाकी दिवस वाया जात नाही, त्यात वाचन, खेळ, स्वयंपाक, बाजार सगळं येतं.

दोघेही कमावणारे असाल तर होणार नाही असं नाही, पण वेळ ठरवून बांधावा लागतो. आई सकाळी धुण्याभांड्याच्या कामाला जाते आणि बाबा सेकंड शिफ्टला, अशा घरात सकाळचा तास बाबांचा आणि संध्याकाळचा आईचा असं चालतं. आजी-आजोबा असतील तर त्यांच्याकडे वाचून दाखवणं आणि पाढे सोपवा. आजीला लिहिता-वाचता येत नसेल तर मूल आजीला वाचून दाखवेल, आजी ऐकेल आणि "मग पुढं काय झालं" विचारेल, वाचन सुधारायला यापेक्षा चांगली बाई मी बघितली नाही. शेजारच्या कुणाचं मूल घरी शिकत असेल तर अदलाबदली करा, मंगळवारी तुमच्याकडे गणित, गुरुवारी त्यांच्याकडे इंग्रजी. पैसे नाहीत, पण एकमेकांची एक सकाळ मोकळी होते.

मुलाला एकटं घरात ठेवून जावं लागणार असेल आणि ते लहान असेल तर मात्र थांबा. त्यापेक्षा शाळा सुरक्षित.

आणि शाळेतून नुकतं काढलेलं, घाबरलेलं मूल असेल तर पहिल्याच सोमवारी वेळापत्रक लावू नका. काही आठवडे फक्त गोष्टी, खेळ, झोप, घरकामात मदत. नातेवाईक विचारतील काय शिकतोय, सांगा सुट्टीवर आहे.

पायरी ४: फुकट काय काय आहे

सगळ्यात आधी बालभारती. १९६७ पासून पुण्यातून आपली पाठ्यपुस्तकं काढणारी हीच संस्था, आणि तिच्या ई-बालभारती साइटवर सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट आहेत. पण पीडीएफ फुकट म्हणून सगळी प्रिंट काढत बसू नका! १२० पानांचं पुस्तक, दोन रुपये पानाने २४० रुपये झाले, आणि छापील पुस्तक त्यापेक्षा बरंच स्वस्त असतं. प्रिंट फक्त एखाद्या पानाची, ज्यावर मुलाला लिहायचंय. त्याहून स्वस्त म्हणजे जून लागायच्या आधी, मे महिन्यात, आजूबाजूच्या घरांत विचारा, वरच्या वर्गात गेलेल्यांची पुस्तकं माळ्यावर जायच्या नाहीतर रद्दीत जायच्या बेतात असतात. एक लक्षात ठेवा, २०२३-२४ ला पुस्तकं चार भागांत आली होती, मध्ये वहीची कोरी पानं घातलेली, ती पद्धत नंतर बंद झाली. त्यामुळे जुना सेट घेताना चारही भाग आहेत ना ते बघा, नाहीतर अर्धं वर्ष गायब. पहिलीची पुस्तकं २०२५-२६ पासून नवीन आलीत, पण घरी शिकवायला जुनीही चालतात, बेरीज काही बदललेली नाही.

किशोर मासिक बालभारतीच काढते, १९७१ पासून, आणि जुने अंक नेटवर फुकट वाचता येतात. मला विचाराल तर वर्कबुकांवर खर्च करायचे ते पैसे किशोरच्या वर्गणीत घाला. मूल महिन्याला अंकाची वाट बघतं, आणि घरात मुलाच्या नावाने पोस्टाने काहीतरी येतं याचं त्याला किती अप्रूप असतं ते बघाच.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सची स्टोरीविव्हर ही साइट. हजारो चित्रगोष्टी, मराठीत भरपूर, सोप्या ते अवघड अशा चार पायऱ्यांत लावलेल्या, डाउनलोड करून ठेवता येतात. मोठ्या मुलांना माहिती शोधायला मराठी विश्वकोश, तोही ऑनलाइन फुकट आहे. सरकारच्या दीक्षा अॅपवर पाठ्यपुस्तकांचे व्हिडिओ आहेत, पण माझं मत असं की दहा वर्षांखालच्या मुलाला व्हिडिओ लावून द्यायचा नाही, तुम्ही बघा आणि तुमच्या शब्दांत सांगा.

फोन घरात एकच असतो आणि तो कमावत्या माणसाबरोबर बाहेर जातो, ही खरी अडचण. त्यावर उपाय म्हणजे रविवारी कुणाच्या तरी वायफायवर, किंवा रात्री रोजचा डेटा संपायच्या आत, पुढच्या आठवड्याचं सगळं उतरवून घ्यायचं. आठवडाभर फोन लागतच नाही.

वाचनालय विसरू नका. गावोगावी शासनमान्य सार्वजनिक वाचनालयं आहेत, अ ब क ड वर्गांची, वर्गणी अगदी किरकोळ असते, ग्रंथपालांना बालविभागाबद्दल विचारा, आणि मुलाला स्वतः नाव सांगून पुस्तक घेऊ द्या. वर्तमानपत्र तिथेच वाचून होतं.

मग खरेदी काय? पाटी आणि पेन्सिली, शंभर पानी वह्या, पट्टी-कंपास, रंगीत खडू, एक शिंप्याचा टेप आणि भिंतीवर कालनिर्णय. बास.

कमी पैशात चांगलं शिकवता येतं का अशी शंका असेल तर डहाणूजवळच्या कोसबाडचं बालशिक्षणाचं काम आठवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ ला बोर्डीत सुरुवात केली, नंतर १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, आदिवासी पोरांसाठी. महागडं माँटेसरी साहित्य तिथे कुठून आणणार, तर त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, मणी घेऊन तेच काम केलं. मुलं अंगणात होती तर अंगणवाडी भरवली, गुरं राखायला गेली तर कुरणशाळा काढली. अंगणवाडी आज देशभर आहे, ती मुळात इथली. तेव्हा तुमच्याकडे चिंचोके आणि अंगण असेल तर साहित्य नाही म्हणू नका.

पायरी ५: मराठी वाचन-लेखन

पहिलं वर्ष फक्त यावरच गेलं तरी चालेल. मूल नीट वाचायला लागलं की पुढचं निम्मं ते स्वतः करतं, आणि वाचन कच्चं राहिलं तर कुठलंच पुस्तक कामाचं नाही.

रोज तुम्ही वाचून दाखवा, वीस मिनिटं, चुकवू नका, मूल वाचायला लागलं तरी बंद करू नका. अक्षरं शिकवताना क ख ग पासून ज्ञ पर्यंत रांगेने जायची गरज नाही. मुलाच्या नावातली अक्षरं घ्या, मग ज्यातून लगेच शब्द होतात अशी चार-पाच अक्षरं, न म ग र घेतली की नग, मन, गरम, मगर, नगर झाले, बरं वाटतं ना, पहिल्याच आठवड्यात मूल शब्द वाचतं. मग काना, मग बाकीच्या मात्रा एकेक. बाराखडी पाठ करून घेण्याआधी तिचा उपयोग दिसू दे. जोडाक्षरांना वेळ द्या, विशेषतः र ची रूपं, सूर्य, चक्र, राष्ट्र, दुसऱ्या, ही पोरांना छळतात, रोज एकच घ्या आणि घरात त्याच्या चिठ्ठ्या लावा.

रस्त्यावर वाचन फुकट पडलंय. दुकानांच्या पाट्या, एसटीचे बोर्ड, गॅसच्या पावत्या, मसाल्याच्या पाकिटावरची माहिती. लिहिण्यासाठी निबंध नको, कामाचं लिहू दे: किराणाची यादी, मावशीला पत्र, आज कोण आलं होतं त्याची ओळ. रोज पाच ओळींचं शुद्धलेखन पाटीवर, चुकलं तर पुसायचं, वहीसारख्या लाल रेघा राहत नाहीत.

पायरी ६: गणित

इथे मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण पालक सगळ्यात जास्त घाबरतात ते गणितालाच आणि क्लासवाले पैसे घेतात तेही गणिताचेच.

चिंचोके किंवा काड्या घ्या, दहा-दहाच्या गड्ड्या रबरबँडने बांधा, दहा गड्ड्यांचा एक मोठा गठ्ठा. हातचा म्हणजे गड्डी बांधणं, उसना घेणं म्हणजे गड्डी सोडणं. महिना दोन महिने हेच करा, कागदावर उभी बेरीज नंतर. ज्या मुलाने गड्डी सोडलीय त्याला ५२ वजा २७ समजावून सांगावं लागत नाही, त्याने ते केलेलंच असतं.

मराठी मुलांची एक खास गडबड असते, पंचवीस ऐकून ५२ लिहितात, कारण पाच आधी ऐकू येतो. बालभारतीने २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात वीस पाच, वीस सहा असं वाचनही दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. घरी वाद घालायचं कारण नाही, दोन्ही वापरा. गड्ड्या मांडताना "वीस आणि पाच" म्हणायचं, मग "म्हणजे पंचवीस". एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसाठ यांना वेगळा वेळ द्या, "तीसला एक कमी" असं बोलून, तिथे भरपूर मुलं अडकतात आणि आपल्याला वाटतं गणितच येत नाही.

पाढे पाठ हवेत, माझं याबद्दल मत पक्कं आहे, पण आधी चिंचोक्यांच्या रांगा मांडून कळू देत. आणि घरात कुणा आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी (पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीडचे पाढे) येत असेल तर ती संधी सोडू नका. पावकी येणाऱ्या मुलाला अपूर्णांक ओळखीचे वाटतात. शेंगदाणे १६० रुपये किलो, पाव किलोचे किती, अर्ध्याचे किती, पाऊण किलो घेतले आणि दोनशेची नोट दिली तर परत किती. आठवडी बाजारात मुलाला स्वतःचे पन्नास रुपये देऊन एक भाजी घ्यायला लावा, घरी आल्यावर वहीत हिशोब. चार-पाच बाजारांत त्याची तोंडी वजाबाकी तुमच्यापेक्षा जलद होते.

भाकरीचे चार भाग, मग आठ, दोन अष्टमांश म्हणजे एक चतुर्थांश हे ताटातच दिसतं. टेपने खोली मोजा, फरशा मोजून क्षेत्रफळ काढा. सहावी-सातवीच्या वयाला लाइट बिल काढा: मागचं रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी म्हणजे युनिट, पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ पासून दुसरा, मग स्थिर आकार, वरचे इतर आकार. मुलाला म्हणावं आपलं बिल बरोबर आलंय का ताडून दाखव. त्यात सरासरी, टक्केवारी, दशांश सगळं येतं. सहा महिन्यांचे युनिट घेऊन स्तंभालेखही होतो, उन्हाळ्यात पंखा-कूलरने खांब कसा वर जातो ते दिसतं. एसटीच्या वेळापत्रकावर वेळ-अंतर-वेग. बचत गटाची आई सदस्य असेल तर व्याजाचं गणित घरातच आहे, गटाचं पासबुक आणा.

आणि या सगळ्याबरोबर पाठ्यपुस्तकातली उदाहरणं क्रमाने सोडवायचीच, रोज पाच-सहा. बाजाराने समज येते, सराव पुस्तकातूनच होतो.

पायरी ७: विज्ञान, परिसर, इंग्रजी

विज्ञानासाठी अरविंद गुप्तांची साइट. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते, टाकाऊ वस्तूंतून खेळणी करायला शिकवतात, २०१८ ला पद्मश्री मिळाली. साइटवर खेळणी कशी करायची ते आहे आणि मराठी पुस्तकंही ढिगाने आहेत, सगळं फुकट.

घरातलं: पांढऱ्या कापडाच्या तुकड्यावर हळदीचं पाणी, वाळू द्या, साबणाच्या पाण्याने त्यावर चित्र काढा, लाल उमटतं, लिंबू लावा, परत पिवळं. आम्ल-अल्कली कळलं. पावसाळ्यात बाटलीचं पर्जन्यमापक: सरळ उभ्या बाजूंची प्लास्टिक बाटली, वरचं नरसाळं कापून उलटं बसवा, तळ वाकडा असतो म्हणून खडे आणि पाणी घालून सपाट करा, तिथे शून्याची खूण, वर मिलिमीटरची पट्टी चिकटवा. रोज सकाळी एकाच वेळेला आकडा लिहायचा आणि पेपरमधल्या आकड्याशी ताडायचा. चंद्र रोज बघून कालनिर्णयवरच्या तिथीशेजारी त्याचा आकार काढायचा, महिनाभर.

मे महिन्यात शून्य सावलीचा दिवस येतो, दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर आणि उभ्या काठीची सावली गायब. कोल्हापूरकडे मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, नाशकात २० मेच्या जवळपास, नागपूरला त्याहून उशिरा, जसजसं उत्तरेला जाल तसतसं पुढे. आधीचे आठ दिवस रोज सावली मोजा म्हणजे ती लहान होत जाताना दिसेल. दुसऱ्या गावातल्या मावसभावाला फोन करून त्याच्याकडची सावली विचारली तर अक्षांशाचा धडा झाला.

इतिहास-भूगोलाला आपलं गाव घ्या. नदी कुठून येते, बाजार का याच वारी, वेशीवरचा शिलालेख, आजोबांच्या वेळचा ७२ चा दुष्काळ त्यांच्याच तोंडून, मुलाने प्रश्न लिहून न्यायचे आणि उत्तरं लिहून आणायची. शेती असेल तर सातबारा वाचायला शिकवा.

इंग्रजीची भीती सोडा. आईला येत नाही म्हणून मुलाला येणार नाही असं नाही. स्टोरीविव्हरवर तीच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत मिळते, आधी मराठीत वाचायची, अर्थ डोक्यात बसला की इंग्रजीत, दोघांनी मिळून. रोज एक पान. उच्चार फोनवर ऐका. मराठी वाचन पक्कं झाल्यावर सुरू केलं तरी उशीर होत नाही.

मित्र कुठून मिळणार? मैदानावर, रोज, ठरलेल्या वेळी, शाळा सुटल्यावर बाकीची पोरं येतात तेव्हा. कबड्डी-खोखोचं मंडळ, लेझीम पथक, वाडीतलं गणपतीचं काम, यातलं एक तरी हवंच, हे टाळून घरशाळा करू नका.

पायरी ८: नोंदवही

एक जाड वही. रोज दोन ओळी, तारीख, काय केलं, कुठे अडलं. महिन्यातून एकदा मुलाच्या हस्ताक्षरातलं एक पान, एक चित्र, एक गणिताचं पान फाइलला लावा. परीक्षा घ्यायचीच असेल तर झेडपी शाळेतल्या ओळखीच्या गुरुजींकडून वर्षअखेरीची प्रश्नपत्रिका मागा. उद्या शाळेत परत जायची वेळ आली तर मुख्याध्यापकांसमोर ठेवायला हीच फाइल, आणि मामा-काका चाचणी घ्यायला लागले की त्यांच्या हातात द्यायलाही हीच. तुम्हाला स्वतःला फायदा असा की मूल पुढे सरकतंय हे दिसतं, रोज बरोबर असल्यावर ते जाणवत नाही.

तीन महिने वाचनात काहीच हालचाल नसेल, अक्षरं उलटी पडत राहिली, फळ्यावरचं दिसत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात होतं.

पायरी ९: दहावी

हे आठवीच्या वयाला ठरवायचं. रस्ते तीन आहेत, त्यातला दुसरा दहावीच्या आधीच्या परीक्षांचा.

एक, राज्य मंडळाची दहावी बाहेरून, म्हणजे फॉर्म नंबर १७. याला शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून ज्याने आधी शाळा केलीय त्याला हा बरा, आणि वर कागदांबद्दल एवढं लिहिलं ते यासाठीच. मुदत परीक्षेच्या बरीच आधी असते, जून लागला की बोर्डाच्या साइटवर नजर ठेवा.

दोन, महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ. त्यांची पाचवीची परीक्षा वयाची १० पूर्ण झाल्यावर आणि आठवीची १३ पूर्ण झाल्यावर देता येते. कधीच शाळेत न गेलेल्या मुलाच्या हातात पहिला सरकारी कागद यायला हे उपयोगी.

तीन, एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालय. दहावीला वय १४ पूर्ण हवं, आधी शाळा केल्याचा दाखला नसला तरी अभ्यास झाल्याची स्वयंघोषणा चालते, आणि मराठी माध्यम आहे. पाच विषय, त्यात एक भाषा तरी हवी. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. पास व्हायला ३३ टक्के. चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एंट्री असे विषयही आहेत. पण मुलाला पुढे अकरावी सायन्स किंवा डिप्लोमाला जायचं असेल तर सोपं वाटतं म्हणून गणित आणि विज्ञान सोडू नका. प्रवेश फी पाच विषयांची दोन हजारांच्या आसपास, परीक्षा फी विषयवार वेगळी, आणि प्रॅक्टिकलच्या विषयाला थोडी जास्त. फी भरायची म्हणून सातवीपासून पोस्टात महिन्याला शंभर रुपये टाकत गेलात तर एकदम ओझं येत नाही. पुस्तकं त्यांच्या साइटवर फुकट आहेत. पास झाल्यावर मार्कशीटबरोबर मायग्रेशन सर्टिफिकेट मिळतं, ते जपून ठेवा, अकरावीच्या प्रवेशाला दाखल्याच्या जागी तेच लागतं. घरी लिहायच्या असाइनमेंट असतात, त्यांना वीस टक्के वजन आहे, त्या तारखेच्या आत जमा करा.

घरी शिकलेल्या मुलांची दहावीतली खरी अडचण विषय नसते, हात असतो. सलग तीन तास पेनने लिहायची सवयच नसते. म्हणून परीक्षेच्या वर्षभर आधीपासून दर रविवारी सकाळी एक जुनी प्रश्नपत्रिका, सुरुवातीला एक तासाची, मग दोन, मग पूर्ण, घड्याळ समोर, फोन बाहेर, आणि पाण्याची बाटली आपली आपण घेऊन बसायचं.